ओट्यामागची भिंत : फरशी पाहा, पण सांधा आधी पाहा

रमजान जवळ आला की आपल्या मोहल्ल्यांतून घरदुरुस्तीची कामे निघतात. कुणी रंग काढतो, कुणी मोरी नीट करून घेतो, आणि ज्याला अल्लाहने ऐपत दिली आहे तो स्वयंपाकघरच नवे करतो. या सर्व कामांत सर्वांत कमी विचार होतो तो गॅसच्या ओट्यामागच्या भिंतीचा. ओट्याला ग्रॅनाइट कोणते घालावे यावर घरात आठवडाभर चर्चा चालते. मागच्या भिंतीचा निकाल मात्र "दुकानात जाऊन बघू, आवडेल ते घेऊ" एवढ्यावर लागतो. मिस्त्री लोक या भिंतीच्या फरशीला 'डाडो' म्हणतात. घरातली सर्वांत जास्त मळणारी भिंत हीच, आणि तिची निवड बहुधा असा माणूस करतो, ज्याने ती भिंत आयुष्यात कधी पुसलेली नसते.

मी चादर-टॉवेलचा व्यापारी आहे. फरशीच्या धंद्याशी माझा संबंध केवळ ग्राहक म्हणून आला, आणि तोही नुकसान सोसून. परंतु माल शेवटी माल असतो. कापडाच्या बाजारात जे नियम आम्ही लहानपणापासून शिकलो, ते फरशी घेताना मी विसरलो. ती चूक इतरांकडून होऊ नये आणि फरशीच्या धंद्यातील आपल्या बंधूंनीही काही विचार करावा, यासाठी हा लेख.

आपबीती

२०१८ च्या रमजानपूर्वी आम्ही सोलापुरातील घराचे स्वयंपाकघर नवे केले. फरशी घ्यायला मी आणि थोरला मुलगा गेलो. निघताना मुलांची अम्मी म्हणाली, "साधी, पांढरी, सपाट आणा. मोठी असेल तर बरं." दुकानात दिव्यांच्या झोतात लहान-लहान चौकोनांची, दगडासारखा खरबरीत उठाव असलेली फरशी लावून ठेवली होती. विक्रेता म्हणाला, "सेठ, सध्या हीच चालते." मला ती आवडली आणि मी घेतली. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "तुम्ही पसंत केली, ठीक आहे. पुसायची मला आहे."

तो रमजान मे-जूनच्या उन्हाळ्यात होता. असरनंतर रोज भजी, समोसे, तळण. ईद येईपर्यंत चौकोनांमधल्या पांढऱ्या रेघा पिवळ्या झाल्या होत्या, आणि गॅसच्या मागच्या तर तपकिरी. साबणाने निघेना, सोड्याने निघेना. दात घासायचा जुना ब्रश घेऊन ती दुपारभर रेघा घासायची. हाताची कातडी फाटली. मिस्त्रीला विचारले तर त्याने अ‍ॅसिड लावायला सांगितले. एके दिवशी तिने रेघांवर ब्लीचिंगचे पाणी लावून ठेवले आणि थोड्या वेळाने त्यावरच अ‍ॅसिड ओतले. क्षणात डोळ्यांतून पाणी, खोकला, श्वास लागेना. शेजारची मुले धावत आली आणि तिला डॉक्टरकडे नेले. अल्हम्दुलिल्लाह, रात्रीपर्यंत ती ठीक झाली. डॉक्टरांनी सांगितले की ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जीवावर बेतू शकतो. वाचक भगिनींनी हे आजच लक्षात ठेवावे. ही दोन द्रव्ये एका दिवशी, एका जागी कधीही वापरू नयेत. संडास साफ करण्याची बहुतेक द्रव्येही अ‍ॅसिडचीच असतात.

२०१९ मध्ये ती सगळी फरशी फोडून काढली. फोडताना ओट्याच्या ग्रॅनाइटची कडही उडाली. एका भिंतीचे पैसे दोनदा गेले. ते पैसे मी विसरलो, फाटलेले हात विसरलो नाही.

भिंत मळते कशी

मळ समजला तर माल निवडता येतो. फोडणीतून उडणारे तेलाचे बारीक थेंब आणि वाफ भिंतीवर बसते. त्यावर धूळ, पीठ, काजळी चिकटते. आपल्या सोलापूरकडे करडईचे तेल पूर्वीपासून वापरतात. करडई, जवस, सूर्यफूल ही तेले हवा आणि उष्णता लागली की हळूहळू घट्ट होतात. करडई आणि जवसाचे तेल रंगाच्या कारखान्यात वापरतात ते याच गुणामुळे. म्हणजे त्या दिवशी जे तेल ओल्या फडक्याने निघते, ते पंधरा दिवसांनी भिंतीवर वार्निश होऊन बसते. मग ते पुसून निघत नाही, खरवडावे लागते.

दुसरा शत्रू हळद. आम्हा कापडवाल्यांना हिचा अनुभव फार. पांढऱ्या टॉवेलवर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो. ग्राहक घाबरून दुकानात येतो. हळदीतील कर्क्युमिन हा रंग साबण-सोड्यासारख्या क्षारात लाल होतो आणि उन्हात उडतो. टॉवेल दोन दिवस उन्हात टाकला की डाग फिका पडतो. परंतु भिंत उन्हात टाकता येत नाही. म्हणून भिंतीवर असाच माल हवा, जो हळद आत घेणारच नाही.

तिसरी गोष्ट पाणी. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे भिंत धुण्याची चैन परवडत नाही. सोलापूरकरांना हे सांगायला नको. एका ओल्या फडक्यात जी भिंत स्वच्छ होते, तीच आपल्या कामाची. शिवाय बोअरचे पाणी जड असते. ते वाळले की क्षाराचे पांढरे डाग राहतात, आणि काळ्या चकचकीत दगडावर ते सर्वांत जास्त उठून दिसतात.

सांध्याचा हिशोब

कापडाच्या धंद्यात एक साधी गोष्ट सर्वांना माहीत आहे. कपडा मधे क्वचितच फाटतो, शिवणीतून उसवतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक कपडा उलटा करून शिवण पाहते. भिंतीची शिवण म्हणजे दोन फरशांमधला सांधा. फरशीच्या वर काचेसारखा लेप असतो, त्यात तेल शिरत नाही. सांध्यात भरलेले व्हाइट सिमेंट किंवा सिमेंटची जॉइंट-पावडर मात्र सच्छिद्र असते. सुती कापडासारखी ती तेल-हळद पिऊन घेते. गृहिणीचे जे कष्ट असतात ते फरशीवर नव्हे, सांध्यावर खर्च होतात.

आता हिशोब करून पाहू. समजा भिंत १० फूट लांब आणि २ फूट उंच आहे. तिला एक इंची मोझेक लावले तर मधल्या सांध्यांची एकूण लांबी ४६८ फूट होते. चार इंची फरशी लावली तर १०८ फूट. १२ बाय १८ इंची फरशी आडवी लावली तर २२ फूट. आणि २ बाय ४ फुटी फरशी आडवी लावली तर फक्त ४ फूट. भिंत तीच, जागा तीच, परंतु एका घरातील स्त्रीला ४ फूट रेघ साफ ठेवायची आहे आणि दुसरीला ४६८ फूट. दुकानात हा हिशोब मला कुणी सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही. मीटरने कापड विकणाऱ्या माणसाने हे मोजू नये, याची आज लाज वाटते.

कोणता माल कसा

बाजारात जे मिळते त्याचा थोडक्यात विचार करू.

लेपाची फरशी : आपल्याकडील बहुतांश फरशी गुजरातमधील मोरबीहून येते. साधी सिरॅमिक वॉल टाइल मागून पाहिली तर मातीसारखी दिसते. ती आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकते. व्हिट्रिफाइड फरशी अर्ध्या टक्क्याहून जास्त शोषत नाही. परंतु भिंतीवर तेल लागते ते वरच्या लेपाला, म्हणून ओट्यामागे साधी चकचकीत सिरॅमिकही चांगली चालते. डागाच्या चाचणीत फरशीचे १ ते ५ असे वर्ग पाडतात, त्यात ५ वा वर्ग साफ करायला सर्वांत सोपा. हे दुकानदाराला जरूर विचारावे. उलट, लेप नसलेली आणि केवळ घासून चकाकी आणलेली व्हिट्रिफाइड फरशी भिंतीला घेऊ नये. पॉलिश करताना तिची बारीक छिद्रे उघडी पडतात आणि त्यात हळद बसू शकते.

खरबरीत फरशी : टॉवेलला उभे लूप असतात म्हणून तो पाणी धरतो. खरबरीत फरशी हा भिंतीवर लावलेला टॉवेलच समजावा. बैठकीत किंवा घराच्या दर्शनी भिंतीला ती शोभते, गॅसच्या मागे नाही. मॅट फरशीही चकचकीत फरशीपेक्षा जास्त घासावी लागते.

ग्रॅनाइट : ओट्याचाच दगड मागे दोन फूट चढवला तर सांधा जवळजवळ राहत नाही. लिंबू-चिंचेने तो खराब होत नाही. फिकट रंगाचा असेल तर तेल शोषून काळवंडतो, म्हणून त्यावर सीलर मारून घ्यावा आणि काही वर्षांनी पुन्हा मारावा.

संगमरवर, कडाप्पा, शहाबादी : संगमरवर आणि हे दोन्ही दगड चुन्याच्याच जातीचे. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी त्यांची चकाकी मरते. कडाप्पा आणि शहाबादीने आपल्या आधीच्या पिढ्यांची स्वयंपाकघरे चालवली, त्यांची बदनामी करायची नाही. फडताळाला आणि जमिनीला ते उत्तम. परंतु गॅसमागच्या भिंतीला पॉलिशचा संगमरवर लावणे म्हणजे रेशमी कापडाचे पोतेरे करणे होय.

स्टीलचा पत्रा : हॉटेलवाले हा वापरतात ते उगीच नाही. सांधा नाही, उष्णतेची भीती नाही. ३०४ नंबरचे स्टील मागावे. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. तारेच्या घासणीने ओरखडे पडतात आणि ब्लीचिंगने बारीक खड्डे पडतात, एवढे सांभाळावे.

काच : मागून रंग दिलेली एकसंध काच पुसायला सर्वांत सोपी. मात्र गॅसजवळ ती टफन्ड केलेलीच हवी. साधी काच उष्णतेने तडकते. टफन्ड काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून प्लगच्या जागा आधीच मोजून द्याव्या लागतात. खर्चही जास्त आहे.

प्लास्टिक, अ‍ॅक्रिलिक आणि चिकटवायचे कागद : हल्ली हे घरबसल्या मागवता येतात आणि स्वस्त पडतात. पी.व्ही.सी. आणि अ‍ॅक्रिलिक उष्णतेने नरम पडतात आणि पेट घेऊ शकतात. गॅसच्या मागे ते अजिबात लावू नयेत. स्वस्तात मिळाले म्हणून घरात आगीला जागा देऊ नये.

ऐपत बेताची असेल तर

सर्वांनाच सगळी भिंत नवी करणे शक्य नसते. मळ सर्वांत जास्त गॅसच्या मागच्या चार-पाच फुटांतच बसतो. तेवढ्याच भागात चांगला माल लावावा आणि बाकी भिंतीला ऑइल पेंट द्यावा. एका खोलीत राहणाऱ्या किंवा भाड्याच्या घरातील कुटुंबाने गॅसमागे मापाचा स्टीलचा पत्रा चार स्क्रूंवर बसवावा. घर बदलताना तो सोबत नेता येतो. हजारो रुपये घालून चित्रांची फरशी लावण्यापेक्षा हा पत्रा त्या घरातील स्त्रीच्या जास्त कामाचा आहे. फळांची, कपबश्यांची चित्रे असलेली फरशी घ्यावी की नाही हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न. मात्र त्यातली एखादी पुढे फुटली तर त्याच चित्राची दुसरी मिळत नाही. आमच्या धंद्यातही जुन्या डिझाइनची चादर नंतर मिळत नाही. म्हणून कोणतीही फरशी घेतली तरी चार-सहा नग जादा घेऊन ठेवावेत.

मिस्त्रीकडून काय करून घ्यावे

सांध्यात सिमेंटऐवजी एपॉक्सी भरून घ्यावी. ती तेल-हळद शोषत नाही. तिच्या डब्यात सहसा तीन वस्तू असतात : रेझिन, हार्डनर आणि भरणीची पावडर. डबा आपल्यासमोर फोडायला सांगावे, कारण एपॉक्सीचे पैसे घेऊन साधी पावडर भरल्याची तक्रार अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. एपॉक्सी महाग आहे हे खरे, परंतु किती लागते ते पाहा. वर सांगितलेल्या भिंतीला १२ बाय १८ इंची फरशीचे २२ फूट सांधे अधिक ओट्यालगतचा १० फूट सांधा धरला, आणि सांधा २ मिलिमीटर रुंद व ८ मिलिमीटर खोल ठेवला, तर साधारण पाव किलो माल लागतो. वाया जाणारा धरला तरी एक किलोचा डबा पुरून उरतो. पांढऱ्या रंगाऐवजी राखाडी घ्यावी, कारण पांढरी पुढे पिवळसर दिसू शकते. भरल्यावर फरशीवर सांडलेली एपॉक्सी मिस्त्रीने त्याच वेळी पुसली पाहिजे. सुकल्यावर ती निघणे कठीण.

ओटा आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंट टिकत नाही. दोन्ही आपापल्या जागी किंचित हलतात, चीर पडते, आणि तिथे पाणी, तेल व झुरळे जमतात. तिथे सिलिकॉन भरावे आणि काळे पडले की कापून नवे भरावे. काम संपल्यावर अ‍ॅसिडने भिंत धुण्याची पद्धत बंद करावी. अ‍ॅसिड सिमेंटचा सांधा खाते, आणि खाल्लेला सांधा आणखी लवकर मळतो.

दुकानदार बंधूंना विनंती

फरशीच्या धंद्यात आपल्या समाजाचे पुष्कळ लोक आहेत, मिस्त्री तर फारच. त्यांच्यापैकी काहींशी मी बोललो. त्यांचे म्हणणे असे की गिऱ्हाईक भाव आणि चकाकी सोडून काही विचारत नाही. एपॉक्सीचा खर्च सांगितला की ते पुढच्या दुकानात जाते. मिस्त्रीलाही एपॉक्सीचे काम नको असते, कारण वेळ जास्त लागतो आणि मजुरी तेवढी मिळत नाही. यात तथ्य आहे. गिऱ्हाईक टिकवणे सोपे नसते, हे मी गल्ल्यावर बसून रोज पाहतो.

तरीही माझे मत असे आहे की सांधा हा विकलेल्या मालाचाच भाग आहे. दुकानात लावलेल्या नमुन्यातील रेघा कोऱ्या असतात, त्यांच्यावर कधी फोडणी उडालेली नसते. ग्राहक तो नमुना पाहून भिंत विकत घेतो आणि त्याला मिळते ती दुसरीच वस्तू. मदीनेच्या बाजारात पैगंबर मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर आपण (स.) त्याला विचारले की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणुकीबद्दल कडक शब्दांत बजावले. विक्रेता खोटे बोलला नव्हता. पाऊस खरोखरच पडला होता. त्याची चूक एवढीच की दोष खाली होता आणि चांगला माल वर. आपल्या फिक्हमध्ये 'ख़ियारे ऐब' म्हणून जो हक्क आहे, तोही याच पायावर उभा आहे : लपलेला दोष निघाला तर ग्राहकाला सौदा परत करता येतो. परंतु फरशी एकदा भिंतीला चिकटली की हा हक्क वापरणार कसा? म्हणून फरशीच्या व्यापाऱ्याने दोष आधीच सांगण्याची जबाबदारी कापडवाल्यापेक्षा जास्त आहे.

देशाचा कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा, प्रमाण आणि मानक जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापार प्रथा ठरते. म्हणून पक्के बिल घ्यावे, त्यावर फरशीचे नाव, माप आणि प्रत लिहून घ्यावी. खोक्यावर आय. एस. १५६२२ हे फरशीचे मानक आहे का ते पाहावे. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

दुकानदारांना माझी सूचना साधी आहे. प्रत्येक दुकानात दोन फुटांची एक नमुना भिंत असावी. तिच्या अर्ध्या भागात सिमेंटचे सांधे असावेत, अर्ध्यात एपॉक्सीचे. त्यावर हळद घातलेले तेल लावून आठवडाभर ठेवावे आणि गिऱ्हाईकाच्या हातात फडके द्यावे. मग भाषणाची गरज पडणार नाही. असे करणाऱ्या दुकानदाराची विक्री कमी होईल असे मला वाटत नाही. कापडाचा रंग जातो की नाही हे ओला रुमाल घासून दाखवणाऱ्या दुकानदाराकडे लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बरकत अशीच येते.

पुसणाऱ्याला विचारा

शेवटची गोष्ट घरातील पुरुषांसाठी. आमच्या कापडाच्या दुकानात भगिनी येतात, कापड हातात घेतात, चुरगळून पाहतात, दारापर्यंत उजेडात नेतात, चार प्रश्न विचारतात आणि मगच घेतात. त्यांच्याइतकी पारख आम्हा व्यापाऱ्यांनाही नसते. फरशीच्या दुकानात मात्र बाप-मुलगे जातात आणि ठरवून येतात. जी वस्तू वापरायची त्यांना, पुसायची त्यांना, ती निवडताना त्यांनाच वगळायचे, हा कुठला न्याय? फरशी घेण्यापूर्वी एक नग घरी मागून आणावा. तो स्वयंपाकघरात ठेवावा. त्यावर हळदीचे तेल आणि लिंबाचा रस लावून रात्रभर ठेवावा आणि सकाळी घरातील स्त्रीने तो आपल्या फडक्याने पुसून पाहावा. ती हो म्हणाली तरच पैसे द्यावेत.

२०१९ मध्ये दुसऱ्यांदा फरशी घ्यायला मी मुलांच्या अम्मीला सोबत नेले. विक्रेता मला एक-एक डिझाइन दाखवत होता. तिने एका चकचकीत फरशीवरून बोट फिरवले, ती उलटी केली, मागची बाजू पाहिली आणि विचारले, "याच्यापेक्षा मोठी आहे का?" दहा मिनिटांत काम झाले. आज आमच्या ओट्यामागे २ बाय ४ फुटांची साधी पांढरी फरशी आहे, तिच्यात राखाडी एपॉक्सीचे मोजकेच सांधे आहेत. इफ्तारनंतर एका ओल्या फडक्यात भिंत साफ होते आणि तिला तरावीहसाठी वेळ मिळतो. एवढीच गोष्ट तिने मला एक वर्ष आधी, एका वाक्यात सांगितली होती. मी ऐकले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.